घोडी कोठे बसवावी? किटमधून वाद्य जोडणाऱ्या वाचकांचे प्रश्न

मागील महिन्यात या सदरात तंतुवाद्यांच्या जुळणी-संचांचा, म्हणजे बाजारात ज्याला सरसकट 'किट' म्हणतात त्याचा, ओझरता उल्लेख झाला होता. आकार दिलेले लाकडी भाग, खुंट्या, तारा आणि एक माहितीपत्रक एवढे साहित्य एका खोक्यातून येते आणि वाद्य आपण घरी जोडायचे असते. त्या चार ओळींवर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक पत्रे आली. बहुतेक पत्रे युकुलेले या चार तारांच्या लहानशा वाद्याविषयी आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून येथे पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझी कन्या आठवीत असून तीन वर्षांपासून पेटी शिकते. तिच्या हट्टापायी आम्ही कॉन्सर्ट आकाराच्या युकुलेलेचे किट मागवले. खोका उघडल्यावर वाकवलेल्या दोन बाजू, दोन पातळ फळ्या, दांडी, पडदे (ज्यांवर तार दाबतात त्या आडव्या तारपट्ट्या) बसवलेली पट्टी आणि पुष्कळ काड्या निघाल्या. आम्हा दोघींना सुतारकामाचा अनुभव नाही. 'मिरज हाकेच्या अंतरावर असताना खोक्यातले वाद्य कशाला?' असे माझे सासरे म्हणतात. सुरुवात कोठून करावी आणि हातून चूक झाली तर सारेच वाया जाईल का? (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : आपल्या सासऱ्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवण्यास प्रारंभ केला, पुढे त्या कामाची एक पेठच उभी राहिली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील कारागिराने केलेल्या वाद्याशी आपल्या हातचे पहिले वाद्य स्पर्धा करू शकणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. किट घेऊन पैसेही वाचत नाहीत, कारण तेवढ्याच रकमेत, किंबहुना कमीतही, तयार युकुलेले दुकानात मिळते. मात्र तार छेडल्यावर आवाज नेमका कोठून येतो, तबली, म्हणजे वाद्याची वरची फळी, इतकी पातळ का असते, पडदे वर जाताना एकमेकांच्या जवळ का येतात, हे मुलीला हाताने कळावे अशी इच्छा असेल, तर किटसारखा दुसरा शिक्षक नाही. मिरजेच्या दुकानात वाद्य मिळेल. ही कळ मात्र घरच्या टेबलावरच उलगडते.

युकुलेले निवडले हेही योग्यच झाले. पोलादी तारांच्या गिटारवर सर्व तारांचा मिळून साधारण ७० किलोंइतका ताण पडतो. नायलॉनच्या चार तारांच्या युकुलेलेवर तो त्याच्या चौथाईच्या आसपास असतो, त्यामुळे नवख्या हाताने केलेला सांधा थोडा उणा राहिला तरी तो लगेच उखडत नाही. जाता जाता एक गोष्ट आपल्या ऊसपट्ट्यातील वाचकांना सांगण्याजोगी आहे. हे वाद्य हवाईचे म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदीरा बेटावरील एका छोट्या तंतुवाद्यात आहे आणि ते हवाईत पोहोचले ते १८७९ मध्ये उसाच्या मळ्यांवर कामाला आलेल्या मजुरांच्या जहाजातून. त्या जहाजात लाकूडकाम जाणणारे तिघे जण होते. त्यांनीच पुढे होनोलुलूत ही वाद्ये करून विकण्यास सुरुवात केली.

आता सुरुवातीविषयी. पहिला आठवडा गोंदाची बाटली उघडू नका. माहितीपत्रकातील यादी समोर ठेवून प्रत्येक भाग ओळखावा, त्यावर पेन्सिलीने बारीक खूण करावी आणि सगळे वाद्य गोंदाशिवाय, रबरांच्या आधाराने एकदा उभे करून पाहावे. ही कोरडी जुळणी दोनदा-तीनदा केल्यावर कोणता भाग कोणत्या क्रमाने जावा हे पत्रक न वाचताही ध्यानात येते. त्यातच सर्वांत महत्त्वाची तपासणी उरकून घ्यावी: तबलीच्या मध्यावर, जोडरेषेवरून, एक काळा दोरा ताणून तो दांडीच्या टोकापर्यंत न्यावा आणि पडद्यांच्या पट्टीच्या दोन्ही कडा त्या दोऱ्यापासून सर्वत्र सारख्या अंतरावर आहेत का ते पाहावे. दांडी एका बाजूस दोन मिलिमीटर कलली असेल तर ती आत्ता, गोंद लागण्यापूर्वी, तिच्या बुडाशी पॉलिश पेपर दोन-चार वेळा ओढून सरळ करता येते. गोंद सुकल्यावर तीच चूक आयुष्यभर डोळ्यांत सलते.

दुसरी तपासणी उंचीची. स्टीलची एक सरळ पट्टी पडद्यांवर ठेवून ती घोडीच्या, म्हणजे तबलीवर तारांना आधार देणाऱ्या ठोकळ्याच्या, जागेपर्यंत पुढे सरकवावी आणि घोडी तिच्या जागी नुसती ठेवून पाहावी. पट्टीचे टोक घोडीच्या लाकडाच्या वरच्या पातळीला जेमतेम टेकले, तर दांडीचा कोन बरोबर आहे. ते घोडीच्या मध्यावर आपटत असेल, तर तारा पडद्यांपासून फार उंच राहतील आणि मुलीची बोटे दुखतील. हाही दोष बुडाशी थोडे घासूनच जातो, मात्र एका वेळी अगदी थोडे घासावे आणि प्रत्येक वेळी पट्टी पुन्हा ठेवून पाहावी.

गोंदाच्या बाबतीत नवखी माणसे दोन चुका हमखास करतात: गोंद अधिक लावतात आणि सांधा लवकर सोडतात. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसत असतील तर गोंदाचा अगदी पातळ थर पुरतो. दाबल्यावर कडेने मोत्यांसारखे बारीक थेंब डोकावले म्हणजे प्रमाण बरोबर आहे असे समजावे. ते थेंब ओलसर, पण ठिबकत नसलेल्या फडक्याने लगेच पुसून घ्यावेत, कारण सुकलेल्या गोंदावर पॉलिश चढत नाही आणि तेथे कायमचा डाग राहतो. सुताराकडे असतात तितके क्लॅम्प आपल्याकडे नसतीलच. बाजूंच्या आतील कडेला ज्या पट्ट्या चिकटवायच्या असतात, त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे वरून रबर गुंडाळून लावले तर पुरेसा दाब मिळतो. तबली आणि पाठ चिकटवताना सायकलची जुनी ट्यूब लांब चिरून ती वाद्याच्या साऱ्या पोकळ अंगाभोवती पट्टीसारखी घट्ट गुंडाळावी. साताऱ्यात सायकल दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात अशी ट्यूब मागितली तर बहुधा फुकटच मिळते. सांधा किमान एक रात्र, शक्यतो पुरते चोवीस तास, तसाच ठेवावा.

गोंद कोणता, हे पुष्कळांनी विचारले आहे. जुने कारागीर जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरीत आणि त्याचा मोठा गुण असा की उष्णता व ओलावा दिला की तो सुटतो, म्हणून दुरुस्ती सोपी होते. नवख्याने मात्र गरम सरसाच्या भांड्याच्या नादी न लागता चांगल्या प्रतीचा सुतारी गोंद वापरावा. झटपट चिकटणारे गोंद आणि एपॉक्सी वाद्याच्या मुख्य सांध्यांपासून दूर ठेवावेत, कारण त्यांनी केलेली चूक सुधारताना लाकूडच फाटून येते.

'चूक झाली तर सारे वाया जाईल का', या प्रश्नाचे उत्तर चुकीच्या जागेवर अवलंबून आहे. पाठीच्या कडेला पटाशी घसरून चरा पडला, पॉलिश थोडे डागाळले, खुंटीचे भोक किंचित रुंद झाले, तरी आवाजाला काहीही होत नाही. उलट बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या वाद्यात घोडी चार-पाच मिलिमीटर इकडे-तिकडे बसली असेल तर ते कधीच सुरात बोलणार नाही. किटमध्ये लाकूड तयार मिळते, माप मिळत नाही. ते आपले आपणच घ्यावे लागते. पुढील प्रश्न याच चुकीविषयी आहे, तो कन्येसह वाचावा.

तारा चढवल्यावर पहिले चार-सहा दिवस त्या सतत उतरतील. नायलॉनचा तो स्वभावच आहे, त्यामुळे जोडकाम बिघडले असे समजून घाबरू नये. आपल्या कन्येला पेटी येते, तेव्हा जुळवणी तिला चटकन समजेल: पांढरी एकचा षड्ज धरला तर वाद्य धरल्यावर वरून खाली चार तारा अनुक्रमे प, सा, ग, ध अशा लागतात आणि चारही स्वर मध्य सप्तकातलेच असतात. पहिली तार खर्जातली नाही हे पाहून बरेच जण ती चुकीची समजतात आणि तुटेपर्यंत पिळत किंवा सैल करीत बसतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून कॉन्सर्ट युकुलेलेचे किट तीन आठवड्यांत पूर्ण केले. मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक लागतात, परंतु बाराव्या पडद्यावर तार दाबली की स्वर सुमारे ३० सेंट चढा येतो. पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर फारसा फरक जाणवत नाही. पत्रकात तारेची लांबी ३८० मिमी दिली आहे आणि मी तेवढीच मोजून घोडी चिकटवली. नट, म्हणजे खुंट्यांजवळची खाचांची पट्टी, तिच्या पुढच्या कडेपासून बारावा पडदा १९० मिमीवर आहे. बाराव्या पडद्यापासून सॅडलपर्यंत, म्हणजे घोडीवर तार टेकते त्या अरुंद पट्टीपर्यंत, मात्र १८५ मिमीच भरते. तारा बदलून पाहिल्या, उपयोग झाला नाही. (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आपण मापे लिहून पाठवली हे फार बरे केले, कारण दोष त्या मापांतच स्पष्ट दिसतो. पडद्यांचे गणित असे आहे की प्रत्येक पडद्यावर तारेची उरलेली लांबी १.०५९४६ ने भागली जाते. हा आकडा म्हणजे २ चे बारावे मूळ. त्यामुळे बारा पडदे ओलांडल्यावर लांबी बरोबर निम्मी होते आणि स्वर वरच्या सप्तकात जातो. पहिला पडदा ३८० मिमीच्या वाद्यावर नटपासून साधारण २१.३ मिमीवर येतो आणि बारावा १९० मिमीवर. आपली पट्टी कारखान्यातून कापून आलेली असल्याने तिची मापे बरोबर आहेत. याचा अर्थ बाराव्या पडद्याच्या पलीकडेही किमान १९० मिमी असायलाच हवेत. आपल्याकडे ५ मिमी कमी पडले.

हे ५ मिमी कोठे गेले असावेत, याचा माझा तर्क सांगतो. नटची जाडी बहुधा ५ मिमीच असते. आपण ३८० मिमी मोजताना पट्टीचे शून्य नटच्या मागच्या, म्हणजे खुंट्यांकडील, कडेला टेकवले असावे. तारेची बोलणारी लांबी मात्र नटच्या पुढच्या कडेपासून, जेथे तार नट सोडून पडद्यांवर येते तेथून, सुरू होते. एकदा नट हाताने चाचपून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

आता गणित करून पाहू. सध्या मोकळी तार ३७५ मिमी आहे आणि बाराव्या पडद्यावर ती १८५ मिमी उरते. ही निम्म्याहून कमी आहे आणि या फरकाने स्वर सुमारे २३ सेंट चढतो. एक अर्धस्वर १०० सेंटचा, हे आपल्याला ठाऊक असेलच. उरलेले सात सेंट दाबामुळे येतात. तार पडद्यापर्यंत खाली दाबताना ती थोडी ताणली जाते आणि ताण वाढला की स्वर चढतो. म्हणूनच घोडी गणिताने येणाऱ्या जागेपेक्षा किंचित मागे बसवतात आणि कॉन्सर्ट युकुलेलेवर ही भरपाई साधारण २ मिमी असते. तेव्हा आपल्या वाद्यावर बाराव्या पडद्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतचे अंतर १९२ मिमीच्या आसपास हवे, म्हणजे घोडी सात मिमी मागे सरकली पाहिजे. सॅडलची पट्टी जेमतेम ३ मिमी रुंद असल्याने तिचा माथा मागे घासून एवढे अंतर भरून निघणार नाही. घोडी काढावीच लागेल.

घोडी काढताना हातोडी आणि पटाशी दोन्ही नजरेआड ठेवा. तारा काढून, घोडीभोवतालच्या तबलीवर पुठ्ठ्याचे जाड कवच ठेवून, घोडीवर ओलसर फडके घालावे आणि मध्यम तापलेली इस्त्री त्यावर थोडा थोडा वेळ टेकवावी. लाकूड हाताला चांगले गरम लागू लागले की रंगकाम करणाऱ्यांची पातळ, बोथट पट्टी घोडीच्या मागच्या कडेखाली हलकेच सरकवावी, आणि ती तबलीतील रेषांच्या दिशेने जाईल असे पाहावे. गोंद मऊ झाला असेल तर ती आपोआप आत जाते. जात नसेल तर पुन्हा शेकावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे असे समजून बसावे आणि पाच मिनिटांत झाले तर आनंद मानावा. घोडी निघाल्यावर दोन्ही पृष्ठभागांवरचा जुना गोंद पुरता खरवडून काढावा, नव्या जागेच्या खालचे पॉलिशही काढावे आणि समोर उघडी पडणारी सात मिमीची पट्टी पॉलिशने झाकावी. तेथे फिकट खूण राहील, त्याला इलाज नाही.

पुन्हा चिकटवण्यापूर्वी घोडी नुसती ठेवून पहिल्या आणि चौथ्या तारेच्या रेषेत स्वतंत्रपणे मोजा. दोन्हीकडे अंतर सारखे आले पाहिजे आणि दोन्ही कडेच्या तारा पट्टीच्या काठांपासून समान अंतर सोडून गेल्या पाहिजेत. गोंद लागला की घोडी दाबाखाली साबणासारखी घसरते. सॅडलच्या खाचेत दोन टोकांना अगदी बारीक भोके पाडून त्यांत टाचण्यांसारख्या पातळ खिळ्या तात्पुरत्या रोवल्या तर ती जागची हलत नाही; सॅडल बसल्यावर ही भोके दिसतही नाहीत.

जे वाचक नेमका उलट अनुभव लिहितात, म्हणजे पहिल्या दोन-तीन पडद्यांवर स्वर चढतो आणि पुढे ठीक वाटतो, त्यांनी घोडीला हात लावू नये. त्यांच्या नटमधील खाचा उथळ आहेत. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबून पहिल्या पडद्यावर पाहावे. तेथे तार आणि पडदा यांच्यात साधा कागद जेमतेम जाईल एवढीच फट असावी. जास्त असेल तर बारीक कानशीने खाच खोल करावी, पण खाचेचा उतार खुंट्यांच्या बाजूला ठेवावा, अन्यथा तार खाचेत झणझणते.

प्रश्न : गतवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, पावसामुळे घरीच बसावे लागत होते म्हणून, किट जोडले. तबली अखंड लाकडाची, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची आहे. मार्चमध्ये घोडीपासून खालच्या कडेपर्यंत तबलीला सरळ चीर गेली. वाद्य कोठेही पडले नव्हते. (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : पावसाळ्यात वेळ मिळाला, त्याच वेळेने दगा दिला. लाकूड हवेतील ओलावा शोषून आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आडवेच आकसते. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, त्यात जवळजवळ फरक पडत नाही. आपल्या तबलीसारख्या, सुमारे २०० मिमी रुंद, पातळ फळीत पावसाळा आणि मार्च यांच्यामध्ये एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. तबलीच्या खालच्या आडव्या पट्ट्यांच्या रेषा मात्र तबलीच्या रेषांना काटकोनात असतात, म्हणून त्या लांबीने आकसत नाहीत. आपण तबली पुरती फुगलेली असताना त्या पट्ट्या चिकटवल्या, फाल्गुनात तबली आकसू लागली, पट्ट्यांनी तिला धरून ठेवले आणि ती जेथे सर्वांत दुबळी होती तेथे फाटली. हेच काम कोरड्या दिवसांत झाले असते तर पावसाळ्यात तबलीला थोडा फुगार आला असता आणि आश्विनात तो उतरला असता.

म्हणून तबलीच्या आणि पाठीच्या आतील पट्ट्या दिवाळीनंतर ते होळीच्या आधी चिकटवाव्यात असे मी सर्वांना सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या वाचकांनी तर आपल्या गावची हवा स्वतः मोजावी, कारण याच एका जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि दहिवडीच्या बाजूला ५०० मिमीच्या आसपास. एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही. आर्द्रता दाखवणारे लहानसे डिजिटल यंत्र स्वस्तात मिळते. ते ४० ते ५० टक्के दाखवत असेल तो दिवस गोंदाचा. पावसाळ्यातच काम करण्यावाचून इलाज नसेल तर दांडीची घासाई, खुंट्यांची भोके, नटच्या खाचा अशी कामे उरकावीत आणि पातळ फळ्या तांदळाच्या कोरड्या डब्यासारख्या घट्ट झाकणाच्या पेटीत, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवाव्यात.

आपल्या चिरेचे म्हणाल तर वाद्य फेकून देण्याचे कारण नाही. तारा सैल करून वाद्य एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, लाकडाला स्पर्श न होईल अशा बेताने ठेवलेल्या ओलसर स्पंजासह चार-पाच दिवस बंद ठेवावे. चीर हळूहळू मिटत येईल. ती बोटाला लागेनाशी झाली की पातळ केलेला गोंद बोटाने चिरेत चोळत, खालून-वरून हलके दाबत मुरवावा, आणि आतून चिरेवर दोन-तीन ठिकाणी नखाएवढी पातळ लाकडी ठिगळे, त्यांच्या रेषा तबलीच्या रेषांना आडव्या येतील अशी, चिकटवावीत. युकुलेलेच्या भोकातून मोठ्या माणसाचा हात जात नाही. घरात एखादे दहा-बारा वर्षांचे मूल असेल तर हे काम त्याचे.

प्रश्न : वार्निश, तेल की पॉलिश? दुकानदार दर वेळी वेगळेच सांगतो. (एक वाचक, वाई)

उत्तर : लाखेचे पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून, गाळून, सुती कापडाच्या बोळ्याने अगदी पातळ थर द्यावेत. दोन थरांमध्ये ४०० क्रमांकाचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने हलकेच फिरवावा. हे पॉलिश पातळ राहते, म्हणून तबलीचा आवाज दबत नाही, आणि पुढे चरा पडला तर त्यावरच नवा थर विरघळून मिसळतो. दमट दिवशी ते पांढुरके, ढगाळ होते. असे झाल्यास कोरड्या दिवशी स्पिरिटचा ओलसर बोळा फिरवला की ते बहुधा निवळते. स्पिरिट पेटते, तेव्हा हे काम स्वयंपाकघरात करू नये.

घोडीची जागा आणि पडद्यांची पट्टी मात्र चिकटपट्टीने झाकूनच पॉलिश करावे. माझ्या पहिल्या किटला मी आधी तबलीभर झकास पॉलिश केले आणि त्यावर घोडी चिकटवली. तारा चढवल्यानंतर तिसऱ्या रात्री घरात फटाक्यासारखा आवाज झाला. घोडी तारांसकट सुटून लोंबकळत होती आणि तिच्या तळाला माझे झकास पॉलिश, एकही टवका न उडता, चिकटून आले होते. गोंद लाकडाला चिकटला नव्हता, पॉलिशला चिकटला होता.

प्रश्न : युकुलेलेवर हात बसला आहे. घरी आजोबांचा तंबोरा आहे. भोपळ्याला बारीक तडा गेला असून आवाज बसका येतो. किटच्या अनुभवावर त्याची दुरुस्ती मी करू शकेन का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : नको. आपल्या कौशल्यावर शंका घ्यायची नाही, पण ही दोन वाद्ये आवाज देण्याच्या रीतीतच निराळी आहेत. युकुलेलेच्या सॅडलचा माथा अरुंद असतो आणि तार त्यावरून स्वच्छ सुटते. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिच्या माथ्याला अगदी सूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारा उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर घासत, टेकत-सुटत कंप पावते आणि त्यातून ती भरलेली, सोनेरी गुंज निघते. हीच जवारी. तारेखाली सरकवलेला सुती दोरा केसभर पुढे-मागे केला तरी ती बदलते. वाजवून वाजवून तारांनी घोडीला चर पाडले की आवाज बसका होतो, आणि आपल्या तक्रारीचे निम्मे कारण तडा नसून हेच असण्याचा संभव आहे. जवारी काढणे म्हणजे कानशीने घोडी घासणे एवढेच वरवर दिसते, परंतु किती घासावे हे कारागीर कानाने ठरवतो आणि तो कान घडायला वर्षे लागतात.

भोपळ्याचेही तसेच आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकवलेले हे भोपळे वेलीवरच पुरते जून होऊ देतात आणि नंतर महिनोन्महिने वाळवतात. त्याच्या कवचाला लाकडासारख्या सरळ रेषा नसतात, म्हणून चिरेचे जे उपाय वर सांगितले ते येथे जसेच्या तसे चालत नाहीत. तासगावहून मिरज तासाभराच्या वाटेवर आहे. तारा उतरवू नका, फक्त थोड्या सैल करा. घोडीखाली आणि तबलीवर मऊ कापडाची घडी ठेवा. तंबोरा गाडीच्या मागच्या आसनावर आडवा, भोपळ्याला उशीचा आधार देऊन न्या आणि एस.टी.ने जाणार असाल तर तो टपावर किंवा डिकीत न देता मांडीवर घ्या. दुकानात गेल्यावर घरी कोण गाते आणि कोणत्या पट्टीत गाते हे आधी सांगा, कारण काळी एकला गाणाऱ्यासाठी आणि काळी पाचला गाणाऱ्यासाठी तारा वेगळ्या जाडीच्या लागतात व जवारी त्या तारांवरच काढावी लागते. आणि काम चालू असताना समोर बसू देतात का ते विचारा. बहुधा बसू देतात.